न उघडायची बाटली

सोमवारी आमच्या तांड्यावर कालवड मेली. मांडी सुजली होती आणि दाबली की कातड्याखाली करकर वाजत होती. माझा आजा लदेणीचे, म्हणजे पाठीवर माल वाहणारे, बैल हाकायचा. मी लहान असताना त्याने माझा हात धरून अशीच एक सूज दाबून दाखवली होती. फऱ्या रोग. मला शंकाच नव्हती.

पण लस मिळायला तपासणीचा कागद लागतो. गोठ्यात अजून नऊ वासरं होती. डॉक्टर निलमने मांडीच्या मांसाचा तुकडा बाटलीत घालून तोंड मेणाने बंद केलं आणि वर न उघडण्याची चिठ्ठी चिकटवली. "हे जंतू हवेत मरतात, उघडू नका," बाटली हिंगोलीला तपासणीसाठी नेणाऱ्या माझ्या मुलाला, देविदासला, तिने दोनदा बजावलं.

आठ दिवसांनी हिंगोलीहून कागद आला. जंतू आढळले नाहीत.

"बाटली उघडलीस?" मी देविदासला विचारलं.

"खिडकीवरच्या साहेबानं आत काय हाय म्हणून विचारलं, याडी. दाखवलं. वास बी घेऊ दिला. मोंढ्यात हळद न दाखवता कोन घेतं?"

"हळद होती का ती?"

"झाकण पुन्हा घट्ट लावलं की."

"जंतू मेल्यावर घट्ट लावून काय करतोस? अन् त्या साहेबाला चिठ्ठी वाचता येत न्हाई?"

तिसऱ्या दिवशी एक गोऱ्हा लंगडला आणि दिवस मावळायच्या आत गेला. मी निलमकडून नवी बाटली भरून घेतली आणि साखऱ्याहून एसटीत मांडीवर धरून स्वतः हिंगोलीला गेले.

"उघडा आजी, बघू," खिडकीवरचा म्हणाला.

"चिठ्ठी वाच."

"बघितल्याशिवाय कसं घेऊ?"

"मागं बघितलंस, तवा माझा गोऱ्हा गेला. मी इथून हलत न्हाई."

रांगेत मागे कुणी तरी हसलं. मी वळून त्याच्याकडे पाहिलं. आवाज ऐकून आतली तपासणीवाली बाई बाहेर आली. तिने चिठ्ठी वाचली, त्या माणसाकडे एकदा पाहिलं आणि बाटली तशीच आत नेली.

या वेळी कागदावर फऱ्या आला. चार दिवसांत लस आली. देविदासने एकेक वासरू धरलं, निलमने टोचलं.

"आता राग सोडा आजी," ती म्हणाली.

देविदास माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"डॉक्टरीणबाईला दे," मी म्हणाले, आणि गोठ्यातून निघून गेले.