बुडाखालची ऊब

मी करकोचा बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, आमच्या घशात आवाजच नसतो. चोच वाजवून भागवतो. तेवढं समजून घ्या.

माझा जन्म एका बेकरीच्या धुराड्यावरचा. बेकरीवाल्याच्या वडिलांनी तिथे गाडीचं जुनं चाक आडवं बसवलं होतं, त्यावर आमचं काटक्यांचं घरटं. खाली भट्टी. ती वडिलांच्या वेळेपासून एकदाही विझली नव्हती. बेकरीवाल्याला त्याचा भारी अभिमान. पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी तो हेच सांगायचा. धुराड्यातून मला खालचं सगळं ऐकू यायचं.

आम्ही तीन भावंडं. ती दोघं काठावर बसून वारा खायची. मी मधोमध. मधे बुडाला छान शेक मिळतो.

पानं पिवळी पडली. थवे दक्षिणेला निघाले. आई म्हणाली, "बाळा, निघायचं. तुला आतून हुरहुर वाटत नाही का?"

मला आतून फक्त झोप येत होती. "उद्या," मी म्हणालो.

"राहू दे त्याला," भाऊ म्हणाला, "भाजून झाला की येईल."

आईनं तीन घिरट्या घातल्या. मग तीही गेली.

मी रोज 'उद्या' म्हणत राहिलो. तळ्यावर जायचो आणि परत येऊन मधोमध बसायचो. बेडूक चिखलात दडू लागले. पोट खपाटीला गेलं.

एके दिवशी बेकरीवाल्याची बायको म्हणाली, "अहो, तो एकटाच राहिलाय वर."

"राहू दे की. आपली काय जागा अडते?"

"तळं गोठल्यावर खाईल काय? तुमचे पाव? मरेल तो!"

भट्टीवरच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, भट्टी चालू आहे तोवर तो हलायचा नाही. मीसुद्धा पंधरा दिवसांसाठीच आले होते."

त्याला चार वर्षं झाली होती.

बेकरीवाला दिवसभर पीठ मळत होता. संध्याकाळी त्यानं विस्तव ओढून काढला आणि दारावर पाटी लावली: 'करकोचा निघेपर्यंत पाव मिळणार नाही.'

विटा थंड व्हायला दोन दिवस लागले. तिसऱ्या सकाळी सारी गल्ली खाली जमली.

"अरे, निघ की लेका!" शिंपी ओरडला. "पोरांच्या डब्यात काय चिंध्या देऊ?"

"आमच्या साहेबांच्या वळणावर गेलाय," पोस्टमन म्हणाला. "खुर्ची सुटत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगतो, लाजेनं नाही, गारठ्यानं उठलो. काठावर आलो, वारा अंगाला लागला आणि आई म्हणाली होती ती हुरहुर एकदम छातीत दाटली. उत्तरेकडून शेवटचा थवा येत होता. मी पंख उघडले. गल्लीनं टाळ्या वाजवल्या.

जाता जाता एक घिरटी घातली. खाली अंगणात सासूबाई दोन शाली पांघरून, बॅग भरून उभ्या. "मीही निघते आता. त्या खोलीत बसवत नाही."

बेकरीवाला भट्टी पेटवत होता. तो तसाच फुंकणी घेऊन, काजळलेल्या तोंडानं बाहेर धावला.

"आई, बॅग वर ठेवा बघू. तुम्हाला कुठला थवा गाठायचाय?"

वळून पाहिलं, तेव्हा धुराड्यातून धूर निघत होता.

आता मी दूरच्या दलदलीत एका पायावर उभा आहे. बेडूक भरपूर. भाऊ भेटला, मला 'खरपूस' म्हणतो. वसंतात मी परत येईन, तेवढं चाक जागेवर राहू द्या. आणि पुढच्या शरदात पुन्हा मधोमध बसलेला दिसलो, तर खुशाल भट्टी विझवा.

फक्त आधी सासूबाईंना आणखी एक शाल द्या.