सगळ्या किंवा कुणीच नाही

शिट्टीने पहिला नियम विमानतळावरच सांगून टाकला. जाऊ तिथे चौघी जाऊ, आणि एकीला जायचं नसेल तर कुणीच जायचं नाही. परका देश, अवाढव्य शहर, ना भाषा आपली ना रस्ते ओळखीचे. एक जरी हरवली तर बाकीच्या तिघींनी घरी काय तोंड दाखवायचं? मग तिने चौघींचे पासपोर्ट गोळा करून स्वतःच्या कमरेच्या पिशवीत टाकले, चेन ओढली आणि गळ्यातली शिट्टी चालते की नाही ते हळूच वाजवून पाहिलं.

शिट्टी म्हणजे वहिनीची नणंद. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली, निवृत्त झाली, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. म्हणून हे नाव, आणि ते तिच्या तोंडावरच घेतलं जाई. बाकीच्या दोघी म्हणजे दातांची डॉक्टर आणि बँकेत कॅशियर असलेली एक बाई, जिला सगळ्या सरळ बँकच म्हणत. वहिनी डॉक्टरच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. खरं तर ती एकट्या शिट्टीची वहिनी, पण रोज सकाळी एकत्र फिरायला जाता जाता सगळ्यांचीच वहिनी होऊन बसली. नाव गोड होतं, नाही असं नाही. फक्त ते हाक मारणाऱ्याच्या भावाची आठवण सतत करून देई.

आणि वहिनी शहर बघायला आलीच नव्हती. तिचा मुलगा या शहरात होता, हे बाकी कुणाला माहीत नव्हतं, आणि चार वर्षांत तिने त्याला पाहिलं नव्हतं.

वहिनीच्या नवऱ्याचा छापखाना आहे. लेकाच्या लग्नाच्या पत्रिका त्याने स्वतः मशीनपाशी उभं राहून, सगळ्यात जाड कागदावर छापल्या. मुलगी त्याच्या भागीदाराची. लग्न आठवड्यावर आलं आणि पोराने बापासमोर उभं राहून सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही. भागीदारी मोडली, चार लोकांत शोभा झाली. बाप म्हणाला, या घरातलं कुणी याला भेटलं किंवा याच्याशी बोललं, तर त्याने याच्याच मागोमाग दाराबाहेर व्हायचं. पत्रिका मात्र त्याने फेकल्या नाहीत. एवढा चांगला कागद वाया कशाला घालवायचा? त्या फोनशेजारी ठेवल्या, निरोप लिहायला. चार वर्षं वहिनी दूधवाल्याचे नि प्लंबरचे निरोप लेकाच्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर लिहून घेत होती.

शिट्टी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. बाई मनाने वाईट नव्हती, उलट फारच चांगली होती, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे आणि तिला खोटं बोलता येत नसे. जेवताना भाऊ विचारायचा, "आज काय विशेष?" आणि ती दिवसभराचं सगळं सांगून टाकायची. त्यात चहाडी नव्हती. कुणी पाणी मागितलं तर आपण तांब्या पुढे करतो, तसं ते होतं.

मुलगा दुपारी दवाखान्यात फोन करायचा, डॉक्टर जेवायला घरी गेली की. त्यानेच सांगितलं होतं की शहरातल्या त्या उंच टॉवरच्या लिफ्टवर त्याला नोकरी लागली आहे. दिवसभर लोकांना वर न्यायचं आणि खाली आणायचं. नोकरी नवी, शनिवार-रविवारी गर्दी, त्यामुळे सुट्टी मिळायची नाही. पण पाळी संपल्यावर संध्याकाळी हॉटेलवर येईन, असं तो म्हणाला. वहिनीने कपाळावर हात मारला. वन्संची खाट तिच्या खाटेला लागून असणार होती.

"मग मी काय करू, आई?"

"तू तुझ्या लिफ्टमध्येच थांब. मी येते."

बोलायला काय जातं? बोलून गेली.

शनिवारी कळलं की त्या शहरात कुठेही उभं राहिलं तरी तो टॉवर दिसतो. संग्रहालयाच्या पायऱ्यांवरून दिसला. नदीतल्या बोटीतून दिसला. राजवाड्याच्या बागेत शिट्टीने फोटोसाठी तिघींना झाडाखाली उभं केलं, तर तो नेमका वहिनीच्या डोक्यावर उगवल्यासारखा आला. शिट्टीच्या बेतात सगळं काही होतं, टॉवर तेवढा नव्हता. डॉक्टरने एकदा विचारलंही, तर ती म्हणाली, त्यात काय बघायचंय, लांबूनच छान दिसतो.

वहिनीने बाई म्हणून येतील तेवढ्या युक्त्या करून पाहिल्या. दुपारी डोकं दुखतंय म्हणाली, तुम्ही पुढे व्हा, मी खोलीवर पडते. शिट्टीने बेत रद्द केला, सगळ्यांना खोलीवर आणलं आणि तासभर वहिनीचं न दुखणारं डोकं चेपत बसली. पी.टी.च्या बाईचे हात ते. शेवटी डोकं खरंच दुखायला लागलं. संध्याकाळी दुकानात वहिनी म्हणाली, जरा बाथरूमला जाऊन येते. शिट्टी बरोबर आली आणि बाहेर तिची पर्स धरून उभी राहिली. आतून कडी लावून वहिनी आरशात बघत राहिली. दाराबाहेरून आवाज येत होता, "वहिनी, बरी आहेस ना गं? घाई करू नकोस, मी आहे." मी आहे! तेच तर. तिला रडू आलं, पण रडलेलं दिसलं असतं म्हणून ते तिने गिळलं. पहारेकरी परवडला, तो निदान कधीतरी डुलकी काढतो. प्रेमाच्या माणसांना झोपच येत नाही.

खोलीवर परतल्यावर पुन्हा मोजणी झाली. एक, दोन, तीन आणि मी चार. शिट्टी जिन्याने वर चढली, गुडघ्यांना बरं म्हणून, आणि नियमाप्रमाणे तिच्यामागून सगळ्याच चौथ्या मजल्यापर्यंत धापा टाकत गेल्या.

रविवारी संध्याकाळी परतीचं विमान होतं. सकाळी नाश्त्याच्या टेबलावर शिट्टी वनस्पती उद्यानाचा बेत सांगत होती. वहिनीच्या पुढ्यातला पाव तसाच पडला होता. आज गेलं तर गेलं, पुन्हा कोण आणतंय आपल्याला इथे, आणि कोण येऊ देतंय? तिने पाण्याचा घोट घेतला.

"मला टॉवरवर जायचंय," ती म्हणाली.

तिघींनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं. अवघड असं त्या वाक्यात काही नव्हतं, पण वहिनीला काही हवंय असं तिच्या तोंडून आजवर कुणी ऐकलं नव्हतं. हॉटेलात गेलं तरी, तुम्ही मागवाल ते मला चालेल, असं म्हणणारी ती बाई. डॉक्टर आणि बँक एकदम खूश झाल्या, त्यांच्या मनात तेच होतं. शिट्टीने गर्दीचं कारण सांगितलं, ऊन सांगितलं, मग स्वतःचे गुडघे सांगितले. तिघींपुढे काही चाललं नाही. बरं, मी खाली थांबते म्हणावं, तर नियम तिचाच.

रांगेत शिट्टीने वहिनीचा हात धरला. शिट्टीचा तळहात गार आणि ओला होता.

"वहिनी," ती कानाशी लागून म्हणाली, "मला ते बंद खोक्यातून उंच जाणं जमत नाही. श्वास अडकतो. या दोघींना सांगू नकोस, हसतील."

म्हणजे जिना गुडघ्यांसाठी नव्हता. शाळेची शाळा कवायतीत उभी करणारी ही बाई लिफ्टला घाबरत होती. राहू दे मग, आपण उद्यानात जाऊ, एवढं म्हणणं वहिनीच्या हातात होतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी तिने ते म्हटलं असतं. आज तिला समोरच्या माणसाची अडचण दिसत होती, कळत होती, आणि तरी ती गप्प राहिली. स्वतःची लाज वाटली. पण पाय रांगेबरोबर पुढे सरकत राहिले.

लिफ्ट दोन होत्या. कुठली वाट्याला येईल ते नशीब. रांग तुटली, डावीकडचं दार उघडलं आणि दाराशी तो उभा होता.

बारीक झाला होता. गडद निळा गणवेश खांद्यावर सैल पडला होता, आणि दाढी ठेवली होती. त्याने तिला पाहिलं आणि त्याचा बटणाकडे गेलेला हात तिथेच थांबला. मग त्याने मान वळवली आणि इतरांना आत यायची खूण केली. माणसं आत लोटली. डॉक्टर आणि बँक धावत काचेच्या भिंतीशी गेल्या. वहिनी दाराजवळ राहिली, त्याच्या अगदी मागे. शिट्टीने डोळे घट्ट मिटले, वहिनीचा उजवा हात दोन्ही हातांनी आवळला आणि तिच्या खांद्यात तोंड खुपसलं.

दार बंद झालं. वीतभर अंतरावर लेक, आणि त्याच्याशी एक शब्द बोलायची सोय नाही. एका हाताला नणंद, भोवती परकी माणसं. घराच्या स्वयंपाकघरात तिला जितकं कोंडल्यासारखं होई, तितकंच इथे हवेत वर जाताना होत होतं.

त्याने तिकडच्या भाषेत प्रवाशांना सूचना दिली, दांडी धरा, दाराला टेकू नका, असलंच काहीतरी. आवाज मधेच जरा चिरकला. शिट्टीची पकड एकदम सैल झाली आणि लगेच पहिल्यापेक्षा घट्ट बसली. वहिनीला वाटलं, लिफ्टचा धक्का बसला असेल.

त्याच्या कॉलरमागे शर्टाचं लेबल बाहेर आलं होतं. शाळेत जातानाही ते नेहमी असंच बाहेर असायचं. वहिनीने मोकळा डावा हात उचलला आणि ते लेबल दोन बोटांनी आत सारलं. बोटं मानेला लागली. तो वळला नाही. त्याचे कान लाल झाले, आणि लिफ्ट थांबली.

वर गेल्यावर बँकेने एकेक ठिकाण ओळखून दाखवायला सुरुवात केली, ती बोटीची नदी, तो राजवाडा, ते आपलं हॉटेल असणार. वहिनीने सगळीकडे मान हलवली. तिला काहीही दिसलं नाही. शिट्टी मधल्या भिंतीला पाठ लावून उभी होती. आज तिने ना कुणाला मोजलं, ना शिट्टी वाजवली.

उतरायची वेळ झाली तशी दुसरी लिफ्ट आली. तिच्यात एक वयस्कर माणूस उभा होता आणि बाकी ती जवळजवळ रिकामी होती. डॉक्टरने पाय पुढे टाकला.

"ही नको," शिट्टी म्हणाली.

"का गं? जागा आहे की."

"मघाची येऊ दे."

म्हणजे वन्संना कळलं. आवाजावरून कळलं. याच आत्याने त्याला पोहायला शिकवलं, सायकल शिकवली, ती त्याचा आवाज विसरेल? आता घरी पोचल्यावर जेवणाच्या टेबलावर भाऊ विचारील, काय काय पाहिलं, आणि तांब्या पुढे होईल. वहिनीला विमान दिसलं, दार दिसलं, दाराबाहेर ठेवलेली स्वतःची बॅग दिसली. वर या उंचीवर पळून तरी कुठे जाणार? खाली जायला दोनच लिफ्ट, आणि त्यातली एक त्याची.

ती आली. शिट्टीने डॉक्टरला आणि बँकेला खांद्याला धरून काचेकडे ढकललं. तिकडे तोंड करा, उतरताना फोटो चांगले येतात. मग स्वतः त्या दोघींकडे रुंद पाठ करून दाराशी उभी राहिली, वहिनी आणि तो यांच्या शेजारी, आणि तिने डोळे मिटले. या वेळी तिने वहिनीचा हात धरला नाही.

लिफ्ट सुटली. शिट्टीच्या कपाळावर घाम होता. ओठ पांढरे पडले होते.

"वेळेवर जेवतोस का?" तिने मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"हो, आत्या."

"हडकला असशील."

"थोडा."

"बोल मग आईशी. माझ्याकडे काय बघतोस? खाली पोचायला किती वेळ लागणार आहे?"

आणि वहिनीला काही बोलताच येईना. तिने त्याच्या दाढीवरून हात फिरवला, त्याने तो हात गालाशी दाबून धरला, आणि दोघं तसेच उभे राहिले. मग मजल्यांचे आकडे संपले आणि त्याला दार उघडावं लागलं. बाहेर पुढची रांग उभीच होती.

टॉवरखालच्या मोकळ्या जागेत येऊन शिट्टी बाकावर बसली. डॉक्टर आणि बँक पाणी आणायला गेल्या. दोघीच गेल्या. नियम मोडला, पण शिट्टीच्या ते लक्षातही आलं नाही.

"दादा विचारणार, काय काय पाहिलं," ती म्हणाली. "मला खोटं बोलता येत नाही, तुला माहीत आहे."

"माहीत आहे, वन्सं."

"टॉवरमध्ये मी काहीच पाहिलं नाही. डोळे मिटले होते. तेवढंच सांगेन, आणि ते खरंच आहे." मग तिने गळ्यातली शिट्टी मुठीत धरली. "मला फोन करायचा नाही का गं त्याने? एकदाही? मी त्याची कोण होते?"

वहिनी तिच्या शेजारी बसली. चार वर्षं आपण एकट्याच कोंडलेल्या आहोत असं ती समजत होती. वरच्या मजल्यावरही कुणी तसंच बसलं असेल, हे तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. घरी गेल्यावर दार तेच असणार होतं, पत्रिकाही फोनशेजारी तशाच असणार होत्या. तिने शिट्टीचा हात हातात घेतला. तो अजून गारच होता.

डॉक्टर पाण्याच्या बाटल्या घेऊन आली आणि म्हणाली, चला, आता उद्यान उरकून टाकू. शिट्टी उठली, कपाळ पुसलं आणि तिकिटाच्या खिडकीकडे चालू लागली.

"अगं, इकडे कुठे?" बँकेने विचारलं.

"पोरांना आम्ही हेच शिकवायचो," शिट्टी म्हणाली, "ज्याची भीती वाटते ते भीती जाईपर्यंत पुन्हा पुन्हा करायचं. माझी अजून गेलेली नाही."

"म्हणजे परत वर? चौघी?"

"सगळ्या किंवा कुणीच नाही."

त्या पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. रांग लांब होती आणि लिफ्ट यायला अजून वेळ होता. शिट्टीने वहिनीचा दंड धरला आणि तिथेच डोळे मिटून घेतले.