पट्टीला कळतं

पूल खेळणारी पोरं तिला 'क्यू' म्हणतात. मी काठीच म्हणते. कितीही पॉलिश केली तरी शेवटी काठीच ना. तिच्या टोकाला चामड्याची बारकी चकती असते, तिला टिप म्हणतात. ती झिजली किंवा निसटली की चेंडू भलतीकडेच जातो, आणि मग पोरं आमच्याकडे येतात. आमच्याकडे म्हणजे माझ्या नवऱ्याकडे, प्रेमानंदकडे. सरिता हे नाव त्या पोरांना ठाऊकही नाही. मी नुसती पट्टी ओढते.

वसमतला स्टँडमागे उत्तमरावांनी पूल पार्लर काढलं तेव्हा अख्ख्या गावानं नावं ठेवली. हळदीच्या व्यापाऱ्यांची पोरं तिथं पडीक असायची. त्याच सुमाराला आमचं काम बसलं होतं. प्रेमानंद खरादी, बाजेचे पाय, लाटणी, पाळण्याचे खांब कातून द्यायचे. लोखंडी पलंग आले आणि बाजा गेल्या. उत्तमरावांनी एक दिवस टोक फुटलेली काठी आणून दिली, "बघा काही जमतं का," म्हणाले. जमलं. मग पूर्णा, परभणी, हिंगोली, नांदेड, जिथं जिथं टेबल होतं तिथून बोलावणी यायला लागली.

आमची खराद म्हणजे एक सागवानी फळी. तिच्यावर दोन खुंट, खुंटांना खाचा, खाचांत चामडं. काठी खाचांत आडवी ठेवायची, तिला निवारीच्या पट्टीचा एक वेढा द्यायचा आणि पट्टीची दोन्ही टोकं धरून मी रवीसारखी ओढायची. काठी गरगर फिरते आणि प्रेमानंद तिच्या टोकाला पटाशी लावतात. फळी काखेत, हत्यारांची पिशवी खांद्याला, असं आम्ही एस.टी.नं हिंडायचो. कंडक्टर विचारायचे, "भजनाला चालले का?" मी म्हणायची, "व्हय, तुमी टाळ घिऊन या."

पट्टी ओढणं हे बिनडोक काम आहे असं सगळ्यांना वाटतं. वाटू द्या. लाकडाला गाठ कुठं आहे, पटाशीची धार कधी गेली, हे पटाशी धरणाऱ्याच्या आधी पट्टी ओढणाऱ्याला कळतं. हाताला येतं ते सगळं.

हळद काढणीच्या दिवसांत मला ते पहिल्यांदा जाणवलं. पटाशी टेकली आणि पट्टीतून एक बारीक थरथर माझ्या बोटांत आली. धार गेली असेल म्हटलं. त्यांनी धार लावली. थरथर तशीच. मग मी पटाशी सोडून त्यांच्या हाताकडे बघितलं. उजवा हात कापत होता. चहाचा कप ते डाव्या हातानं का धरायला लागलेत, ते मला तेव्हा उमगलं.

ज्याचं सगळं पोट हातावर, त्याला तुझा हात कापतोय म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? पटाशी घसरतेय असं वाटलं की मी पट्टी ढिली सोडायची. काठी जागच्या जागी थांबायची. लाकडाला ओरखडा नाही, बोटाला इजा नाही. ते पुन्हा पटाशी टेकवायचे, मी पुन्हा ओढायची. पुढची हळद आली तरी आमचं हेच चाललेलं.

आणि एक दिवस जेवता जेवता ते म्हणाले, "मोटारीचं लेथ घिऊ. हातात नेता येतंय आसं बारकं निघालंय. नांदेडात पाहून आलो." टिपा आणायला म्हणून ते अधूनमधून एकटेच नांदेडला जायचे.

मोटार काही पट्टीसारखी ढिली सोडता यायची नाही. मी विचारलं, "आन् लाइट? दिवसभर लोडशेडिंग हाय."

"क्लबात जनरेटर हायेत."

"मंग मी काय करू?"

"तू बस घरी निवांत. किती वढशील? रात्री झोपंत कण्हून राहिली तू."

त्यांनी ते मायेनं म्हटलं असेल, पण मला राग आला. इतकी वर्षं दोघं मिळून काम केलं, आणि आता मला निवांत बसवून ठेवायचं. तो राग आणि त्यांच्या बोटांची भीती, दोन्ही एकदमच मनात होती. रात्रभर त्यांचा गुंता सुटला नाही.

नांदेडला किसनरावांचं हत्यारांचं दुकान आहे. माणूस बोलका. त्यांनी दोन मशिनी काउंटरवर काढून ठेवल्या. एक शिवणयंत्रापेक्षा हलकी, पण तिच्या पकडीचं भोक बारीक. दोन तुकड्यांच्या काठीचा बारका तुकडा तेवढा आत जाईल, अखंड काठी जाणार नाही. दुसरीचं भोक ऐसपैस, पकडीला आतून रबर, म्हणजे लाकडावर वण उठणार नाही. पण ती उचलताना किसनरावांचं तोंड लाल झालं. प्रेमानंदनी दोन्ही मशिनी कडेवर लेकरू घ्यावं तशा घेऊन बघितल्या. मोटार तापते का, पट्टा तुटला तर वसमतात मिळेल का, सगळं बराबर विचारलं. शेवटी हलकीवर त्यांचं मन बसलं.

मी एकच विचारलं, "बटणावरचा पाय काढला की थांबती का?"

"थांबते की," किसनराव म्हणाले. "लगेच न्हाई, दोन-चार गिरक्या घेते."

दुकानात काठीचा एक जुना तुकडा होता. तो पकडीत बसवला आणि प्रेमानंदनी पायानं बटण दाबलं. मशीन इतकी गोड फिरली की त्यांचं तोंड उजळलं. त्यांनी पटाशी टेकवली. एक क्षण बारीक भुसा उडाला. मग पटाशी खाडकन अडकली, हातातून उडाली आणि काउंटरखाली जाऊन पडली. त्यांनी पाय काढला तरी लाकूड फिरतच राहिलं. बोट थोडक्यात वाचलं.

"होतं आसं," किसनराव म्हणाले. "हात बसायला वेळ लागतो. पयल्या दिवशीच तकलीफ."

"व्हय, बसंल हात," प्रेमानंद म्हणाले आणि हसले. उजवा हात त्यांनी खिशात घातला होता.

मी वाकून पटाशी उचलली, पदराला पुसली. मला सगळं आधीच दिसायला लागलं होतं, रक्त आणि फडकी आणि दवाखाना. आणि खरं कारण परक्या माणसापुढं सांगायचं नव्हतं.

"ही मशीन घ्यायची न्हाई," मी म्हणाले.

"काहून?"

"ही आल्यावर मला कोण इचारतंय? पुन्ना हळद शिजवायच्या कामावर जाऊ का? क्लबात मला खुर्ची मिळती, चहा मिळतो. मला ते सोडायचं न्हाई."

यातलं अर्धं खरंच होतं, म्हणून तर इतकं धडाधड बोलता आलं. किसनराव उगीच मशिनीवरची धूळ झटकत बसले. नवऱ्याचं काम सोपं होत असताना आडवी येणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली असेल. प्रेमानंद मग म्हणाले, "चल."

वसमतला परतताना एस.टी.त त्यांनी खिडकीची जागा मात्र मलाच दिली. मला त्याचं जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी भाकरी उरकून बाहेर आले, तर त्यांनी ओट्यावर फळी मांडलेली. उत्तमरावांची एक काठी खाचांत होती. नवी टिप चिकटवून झाली होती, तिची कड तासायची तेवढी राहिली होती. आणि प्रेमानंद माझ्या जागेवर बसले होते, पट्टीची दोन्ही टोकं हातात घेऊन.

"तिकडं बस," ते म्हणाले. "पटाशी घे."

"मला येतंय व्हय?"

"इतकी वर्सं पाहून राहिली. यील."

मी उभीच राहिले. ते माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "नांदेडला मी नुसत्या टिपा आणाया जात नव्हतो. डाक्टरला दावलं. गोळ्यानं जरा कमी पडंल म्हणला, पर हात काय थांबायचा न्हाई. वाढतच जाणार."

"मंग मशीन काहून घ्याया निघाले? काल बोट गेलं आसतं."

"गेलं आसतं," ते म्हणाले. "पर तू पट्टी ढिली सोडतीस ना. माझी पटाशी घसरायच्या आदी सोडतीस. मला काय कळत न्हाई? तोंडानं कधी बोलली न्हाईस, पर पट्टीतून रोज सांगून राहिली. मशिनीला काय कळतंय? मशिनीवर बसलो तर तुलाबी कळणार न्हाई, एवढंच मला पायजे होतं."

मला रडू फुटलं. मला वाटत होतं, मी त्यांच्यापासून लपवतेय आणि त्यांना सांभाळतेय. आणि त्यांना दर वेळी ढिली पडलेली पट्टी जाणवत होती. दिवसातून कितीतरी वेळा.

"काल दुकानात म्या..."

"काल तू खोटं बोलली," ते म्हणाले. "सगळं न्हाई. अर्धं."

मी बसले. पटाशीची मूठ त्यांच्या तळव्याच्या मापानं झिजलेली, माझ्या हाताला ती मोठी होत होती. त्यांनी पट्टी ओढायला सुरुवात केली. कापणारा हात बारीक कामाला चालत नाही, ओढायला चालतो. काठी फिरायला लागली. मी श्वास धरून पटाशी टिपेच्या कडेला लावली. चामड्याचा एक बारीक छिलका निघाला, मग दुसरा. तिसऱ्याला माझा हात घाबरून थरथरला. पटाशी घसरणार तोच काठी थांबली. त्यांनी पट्टी ढिली सोडली होती.