रेषेवरचा बेवारस डबा

दोन सरकारांनी एकमेकांचे राजदूत घरी पाठवले, टपाल थांबवलं, शेवटी नकाशातून एकमेकांची नावंही पुसली. नेत्रपेढीला मात्र हे कोणी कळवलं नाही. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या त्या खाजगी संस्थेला परराष्ट्र धोरण नव्हतं. एक फ्रिज होता, आणि सीमेच्या दोन्हीकडच्या पेशंटांची मिळून एकच रांग होती.

रांगेत पहिली होती पलीकडची एक शिंपीण. दुसरी, पेढीचे डबे पोचवणाऱ्या ताईची आई.

आणि डबा घेऊन सीमेच्या फाटकावर उभी होती ताईच.

डब्यात बर्फ, बर्फात बाटली, बाटलीत कुणा गेलेल्या माणसाच्या डोळ्यावरचा पारदर्शक पडदा. निघताना पेढीचे अध्यक्ष म्हणाले होते, "फाटक उघडलं नाही तर अंधार पडायच्या आत परत आण. पुढच्या नंबराला लावू, वाया नको जायला." पुढचा नंबर कोणाचा, हे ते सभ्यपणे बोलले नाहीत.

फाटकावरचा अधिकारी नवा होता. "पलीकडच्याची सही लागेल," तो म्हणाला. "पण पलीकडच्याची सही असलेला कागद मला घेता येत नाही. तो देश आपल्या लेखी नाहीच."

"मग सही करायची कोणी?"

"तेच म्हणतोय मी. कोणीच नाही." आणि तो समाधानाने चहा प्यायला.

ताई बाकावर बसली, उठली, फेऱ्या मारू लागली. सावली सरकली तसा डबा सरकवला. पुन्हा बसली. या कोंडीवरचा उतारा तिला तोंडपाठ होता. जुन्या अधिकाऱ्याच्या काळात ती डबा मधल्या पांढऱ्या रेषेवर ठेवायची. इकडचा पाठ फिरवायचा, तिकडचा पाठ फिरवायचा, आणि पेढीचं पलीकडचं काम बघणाऱ्या काकांना तो डबा 'सापडायचा'. कोणी दिला नाही, कोणी घेतला नाही. बेवारस वस्तूला राष्ट्रीयत्व नसतं. दोन देशांतले उरलेसुरले संबंध गेली काही वर्षं या पाठ फिरवण्यावरच टिकून होते.

नव्या अधिकाऱ्याला हे सांगायला मिनिटभर पुरलं असतं. न सांगायला तर काहीच लागत नव्हतं.

फोन वाजला. आई.

"पोचलीस का गं?"

"फाटक बंद आहे."

"अगंबाई!" आई हळहळली, पण जरा घाईघाईनेच. "म्हणजे परत आणणार?"

"बघू."

"मी आपलं सहज विचारलं. केस धुऊन ठेवते. नाहीतरी आज धुवायचेच होते." डोळ्याच्या ऑपरेशननंतर कित्येक दिवस डोक्यावरून पाणी घेता येत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

पलीकडे काकाही फेऱ्या मारत होते. ती थांबली की तेही थांबत. ओरडून काही विचारायची सोय नव्हती. सीमेवर ओरडणं चिथावणीत मोडत होतं. त्यांनी नुसतं मनगट दाखवलं, मग रिकामा तळहात.

ऊन कललं. अधिकाऱ्याला तिची कीव आली. "जा आता घरी, ताई. तुम्ही तुमच्याकडून प्रयत्न केलात."

तो हे बोलला नसता तर ती कदाचित गेलीही असती. प्रयत्न? दिवसभर तिने डबा सरकवण्यापलीकडे काय केलं होतं?

"साहेब, जरा पाठ फिरवा."

"काय?"

"पाठ. तुमच्या आधीचे फिरवायचे. कागद नको, सही नको. वरून कोणी विचारलं तर तुम्ही काही पाहिलं नाही, आणि ते खरंही असेल."

अधिकाऱ्याने मनातल्या मनात नियमावली चाळली. पाठीबद्दल तीत काही नव्हतं. तो वळला आणि भिंतीवरची सूचना मोठ्या रसाने वाचू लागला. पलीकडचा शिपाईही जुन्या सवयीने आभाळ न्याहाळू लागला.

ताईने डबा रेषेवर ठेवला. कडीवरून हात लगेच सुटेना. मग सुटला.

"अरेच्चा, हा कुणाचा डबा?" काका नेहमीसारखाच भिकार अभिनय करत म्हणाले आणि डबा उचलून जवळजवळ पळतच सुटले.

घरी आई घट्ट वेणी घालून दारात बसली होती. एक डोळा गेलेला, दुसरा अंधूक. ताईचे हात रिकामे आहेत, हे कळायला तिला वेळ लागला.

"गेला?"

"गेला."

"फाटक बंद होतं म्हणालीस."

"बंदच होतं."

आईने वेणीचं टोक चाचपलं. मग विचारलं, "करते काय गं ती बाई?"

"कपडे शिवते."

"हं." आईने वेणी सोडायला घेतली. "पुढच्या वेळी नक्की झाल्याशिवाय फोनवर काही सांगत जाऊ नकोस. उगाच केस धुतले."