कोरडं डोकं

भगवंतराव डॉक्टरांनी सिंधूचे केस बाजूला सारले, टाळूवरून बोट फिरवलं आणि ते बोट नाकाशी नेलं.

"तेल कोणी लावलं?"

सुनेच्या मागे उभ्या असलेल्या पार्बताबाईंनी नजर चुकवली. महिन्यापूर्वी जठारपेठेतल्या याच दवाखान्यात डॉक्टरांनी बजावलं होतं. डोक्यात बुरशी आहे, म्हणून हे खवले, ही खाज. गंधकाचं मलम लावा. तेलाचा थेंबही नको, तेल म्हणजे त्या बुरशीला पंचपक्वान्न.

कळत होतं, पण वळत नव्हतं. त्यांच्या बाळापुरात सवाष्ण कोरड्या डोक्यानं अंगणात आली, की शेजारीण विचारणारच, सुतक कोणाचं? आणि शेषराव तर पार्बताबाईंचा एकुलता एक. त्याच्या बायकोचं डोकं कोरडं ठेवायचं? छे, जीवच धजेना. मग त्यांनी दर शुक्रवारी, न्हाणं झालं की, मलमात चमचाभर तिळाचं तेल कालवलं आणि सुनेला दटावलं, मलमच आहे, गप बस. पोरीची टाळू खाजवून खाजवून रक्ताळली, तरी त्यांचा हात थांबला नव्हता.

"मीच लावलं," सिंधू मान खाली घालून म्हणाली. "राहवलं नाही."

पार्बताबाई चपापल्या. गप्प राहिल्या असत्या, तर झाकली मूठ सव्वा लाखाची. पण ते काही त्यांना जमलं नाही.

"तिचं नोका ऐकू, डाक्टरसाहेब. मी लावलं. मलमात कालवून."

डॉक्टर चिठ्ठी लिहायला बसले.

"तुले मालूम होतं?" पार्बताबाईंनी हळूच विचारलं.

"वासानं समजते, आत्याबाई."

"मंग बोलली काहून नाही?"

सिंधूनं पदर सारखा केला.

"माय गेली तवा मी पाच वर्साची होती. मंग कोणी माह्या डोक्याले हात नाही लावला. मले वाटलं, तेल बंद झालं त..."

पार्बताबाईंना गलबलून आलं. एवढ्यासाठी पोरीनं महिनाभर खाज सोसली होती.

डॉक्टरांनी नवी डबी पुढे केली.

"आता नुसतं मलम. तिचा हात मागे पुरणार नाही, तुम्हीच लावा. बोटांनी, मुळापर्यंत, सावकाश. रोज."

"रोज?"

"रोज. महिनाभर."

पार्बताबाईंनी डबी पिशवीत टाकली, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"दोन महिने लावलं त चालते ना, डाक्टरसाहेब?"