ओक-हेच्या नावाची पुडी

दर्याच्या पूजेला शिंपले काढणाऱ्या पाणबुड्या बायका कागदात तांदळाच्या पुड्या बांधून समुद्रात सोडत. एक दर्याच्या राजाची, एक स्वतःची, बाकीच्या घरच्यांच्या. त्या वर्षी म्होरकी यांगआजीने एक पुडी जास्त बांधली.

“ओक-हे, तुझ्या नावाचीही सोडली गं,” ती म्हणाली. “तुझा येशू काही रुसायचा नाही.”

बायकांत ओक-हे एकटीच ख्रिस्ती. समुद्र शांत असला तरी रविवारी ही बाई चर्चच्या बाकावर जाऊन बसते, म्हणून तिची रोजचीच थट्टा व्हायची. आज मात्र थट्टा नव्हती, दया होती, आणि दयाच जास्त बोचते. गेल्या शरदात तिची जोडीदारीण चुन-शिम पाण्यातून वर आली नाही. दर्याने नेली, दोष कुणाचा नाही आणि असलाच तर सगळ्यांचा, असं गावाने ठरवून टाकलं. सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही, हे न कळायला ओक-हे काही दूधखुळी नव्हती.

जोडीदारणीची श्वास सोडल्याची शीळ ऐकल्याशिवाय पुढची बुडी मारायची नाही, हे तिथल्या पोरींना पोहण्याआधी शिकवतात. त्या दिवशी चुन-शिमचा, वर आल्यावर धरून दम घ्यायचा भोपळा पाण्यावर नुसताच डुलत होता. शीळ आली नव्हती. ओक-हेला ते कळलं होतं. पण खाली खडकाला चिकटलेला मोठा शिंपलाही तिने हेरून ठेवला होता. एवढा एक काढते, मग बघते, म्हणून ती बुडाली.

शेवटी तिने हे पाळकबुवांना सांगितलं. म्हातारा भला माणूस, त्याचे डोळे भरून आले. सगळी मंडळी तुमच्यासाठी प्रार्थना करील, म्हणाला.

“माझ्यासाठी करा. माझ्याऐवजी नको,” ओक-हे म्हणाली. “देवासमोर उभं राहायची वेळ येईल तेव्हा तुम्ही नसाल तिथं. जाब मलाच द्यायचाय.”

पाळकबुवांनी विचारलं, मी-रानला सांगितलंत का?

तिथेच तर घोडं अडलं होतं. मी-रान म्हणजे चुन-शिमची लेक. आई गेल्यापासून ती निपुत्रिक विधवा ओक-हेला उकडलेली रताळी आणून द्यायची, तिचे पाय चेपायची. जगात ओक-हेला तेवढं एकच दार उघडं होतं.

ती गेली तेव्हा मी-रान मुळा चिरत होती. “ये मावशी, बस ना,” म्हणाली. ओक-हे बसली नाही. उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं.

“यांगआजी म्हणते, कुणालाच कळलं नाही.”

“मला कळलं होतं.”

सुरी थांबली. “तो शिंपला मिळाला?”

“मिळाला.”

“आईला वर काढलं तेव्हा तुमच्या जाळ्यात होता?”

“होता.”

मी-रानने मुळा तसाच ठेवला, आत गेली आणि दार लावून घेतलं. आदळलं नाही. त्यापेक्षा आदळलं असतं तर बरं झालं असतं.

ओक-हे घरी आली. शरदापासून तिला प्रार्थनेला शब्दच सुचत नव्हते. आता ती रिकाम्या खोलीत गुडघ्यांवर बसली.

“देवा, मी ओक-हे,” ती म्हणाली. “एकटीच आलेय.”