गोणपाटाच्या पडद्यामागचं यंत्र

मी भांडी धुण्याचं यंत्र बोलतोय. हसलात ना? ठाऊक होतं. आमगाव तालुक्यातल्या बोरटोल्यात माझा विषय निघाला की माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "भांडी काय मशीननं धुतेत?" सदरा मशीननं धुतलेला चालतो, धान मशीननं भरडलेलं चालतं, ताट मात्र बाईच्याच हातानं घासलेलं हवं. माणसांच्या अकलेबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. तुमच्यात राहून ते सुधारलेलं नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या कारखान्यात झाला. अंगावर पांढरा मुलामा, पोलादी पोट, पोटात जाळीचे दोन कप्पे आणि तळाशी गरगर फिरणारा, भोकं पाडलेला एक हात. त्या हातातून गरम पाण्याचे फवारे खालून वर उडतात. खालून वर, एवढं ध्यानात ठेवा. पुढचं सगळं रामायण त्यावरूनच झालं.

छत्तीसगडकडच्या एका कारखान्यात कामाला आलेल्या परदेशी इंजिनिअरानं मला सामानाबरोबर आणलं. त्याच्या बायकोला मी समजत होतो. ती माझं दार हळू लावायची. ते लोक परत गेले आणि मी कारखान्याच्या विश्रामगृहात पडलो. तिथल्या खानसाम्यानं माझ्या पोटात कांदे भरले. उंची यंत्राच्या पोटात कांद्याला कोंब फुटतात तेव्हा त्याला काय वाटतं, ते तुम्हाला कळणार नाही. तुम्ही तर फ्रिजवर भरतकामाचा रुमाल घालून त्यावर फुलदाणी ठेवणारे लोक.

१९९९ साली ते विश्रामगृह मोडलं. भंगाराच्या ट्रकमधून मी गोंदियाला, खुशाल कबाडीच्या वाड्यात आलो. कोणी मला तिजोरी समजलं, कोणी पापड भाजायची भट्टी. एकानं माझ्या दारावर बसून बिडी ओढली. पाच वर्षं मी हे सोसलं, आणि मग धनेंद्र आला.

धनेंद्र बोरटोल्याचा पोवार शेतकरी. मधल्या वयाचा, अंगानं सडपातळ, बोलायला सावकाश. त्याला जुन्या वस्तूंचा नाद. बंद रेडिओ, एका पायाचं शिवणयंत्र, खडखडणारा टेबलफॅन असं काय काय त्यानं घरी नेऊन ठेवलं होतं. मला पाहून तो बाजारात बैल पाहावा तसा माझ्याभोवती फिरला. पाठीवर थाप मारली. दार उघडून आत डोकावला, जणू दातच मोजतोय. मग बोटानं माझा फिरता हात फिरवून पाहिला आणि कान लावून ऐकत बसला.

"चालू हाये का?" त्यानं विचारलं.

"चालू क्या पूछते हो भाऊ, दौड़ती है!" खुशाल म्हणाला. त्यानं मला एकदाही वीज लावून पाहिली नव्हती.

"मंग दौडव."

वाड्यातच तार जोडून, नळी पाण्याच्या ड्रममध्ये सोडून त्यानं मला चालवून पाहिलं. मी गुरगुरलो, आणि जुना गंज खुशालच्या पायजम्यावर ओकलो. धनेंद्र समाधानानं मान हलवत होता.

"इसका करोगे क्या?"

"काही नाई. शौक."

शौक! कारागिरांनी घाम गाळून घडवलेलं यंत्र, आणि हा गडी त्याला गंमत म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून नेणार. वाटभर मी त्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

घरी गेल्यावर मला मागच्या पडवीत, चुलीजवळ ठेवलं. तिथे मी त्याची बायको पाहिली. योगेश्वरी. तिच्या दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. राख, सोडा आणि पाणी यांनी तिचे तळवे भेगाळले होते आणि भेगांतून रक्त येत होतं. गोंदियाच्या डॉक्टरनं बजावलं होतं की भांड्यांच्या पाण्यात हात घालणं बंद करा, नाहीतर ही बोटं मिटायची नाहीत.

मग भांडी घासणार कोण? धनेंद्रची आई दुलारी म्हातारी आणि गुडघ्यांनी अधू, पण घर तिच्या शब्दावर चाले. चुलीवरच्या भांड्यांना बाहेरच्या बाईचा हात नको, हा तिचा एक नियम. बाप्यानं भांडी घासायची नाहीत, हा दुसरा. एकदा धनेंद्रनं घासायला भाताचा गंज, म्हणजे पातेलं, उचललं तर तिनं ते त्याच्या हातातून हिसकलं. चुलतभाऊ केवळराम अंगणातूनच ओरडला होता, "अबे, बांगड्या भरून देऊ का तुले?" तेव्हापासून धनेंद्रनं भांड्याला हात लावला नव्हता. एवढा मोठा बाप्या, आणि एका थट्टेनं त्याचे हात बांधले गेले. मला मात्र जात नव्हती, मिशी नव्हती. म्हणून मी चाललो. तुमचे नियम असे पोकळ असतात.

धनेंद्रनं माझी चाचणी सुरू केली. पहिल्या दिवशी कपड्यांची पावडर घातली. पडवीभर फेस झाला आणि एक कोंबडी त्यात दिसेनाशी झाली. दुसऱ्या वेळी त्यानं नळी उलटी जोडली. पण हा माणूस चिवट. पेले, वाट्या, चमचे घालून पाहात, धुण्याचा सोडा कमी-जास्त करत तो शिकला. भांडं पालथं ठेवलं तरच फवारा आत पोचतो, हेही शिकला.

"तू गंमत करून राहिला का घर भिजवून राहिला?" दुलारीनं एक दिवस विचारलं. "असं कर. नव्याच्या दिवशी सगळ्याइच्या समोर धुऊन दाखव. धुतले त ठेव. नाई धुतले त कबाड्याले दे, अन् बहू आपली भांड्याले बसंल. किती दिस हाताले फडकं बांधून बसन ते, अन् मी बुढी घासत राहू?"

योगेश्वरीनं हातावरचं फडकं तेवढं घट्ट केलं.

नवं म्हणजे नव्या धानाचा पहिला भात देवाला दाखवून सगळ्या भावकीनं एकत्र जेवायचं. त्या दिवशी ओसरीत पंगत बसली. जेवणं झाली आणि सगळे हात धुऊन माझ्याभोवती जमले. केवळराम सुपारी कातरत पुढे. ताटं दुलारीनं स्वतः माझ्या पोटात रचली, काशाची, पितळेची, स्टीलची. सगळी उताणी. कारण नव्याच्या दिवशी या घरात भांडं पालथं घालत नाहीत. पालथं भांडं म्हणजे घरातलं अन्न संपलं.

धनेंद्रला ठाऊक होतं की असं चालणार नाही. त्यानं तोंड उघडलं, आईकडे पाहिलं आणि मिटलं. मग त्यानं बटण दाबलं. भ्याड!

मी माझं काम केलं. फवारे ताटांच्या पाठीवर आपटले. दार उघडलं तेव्हा ताटांच्या पाठी लखलखत होत्या आणि पोटांत शितं तरंगणारं करडं पाणी भरलं होतं.

मग काय विचारता! बायका पदरात हसल्या. केवळरामनं एक ताट उचलून सगळ्यांना दाखवलं. "वा गा वा! मशीननं वरणाची कढी केली! पापड घेऊन या बाप्पा!"

दुलारी म्हणाली, "झालं का समाधान? सकारी नेऊन दे." आणि सुनेकडे वळून, "उठ बाई. राख घे."

योगेश्वरी उठली. राखेच्या डब्याकडे गेली नाही. माझ्यासमोर बसली आणि फडक्यातल्या बोटांनी एकेक ताट बाहेर काढून, पाणी ओतून, परत आत ठेवायला लागली. पालथं.

"अवो, आज काऊन पालथं घालतं?" दुलारी ओरडली. "घर बुडवतं का?"

"माय," ती मागे न पाहता म्हणाली, "ताट पालथं घातल्यानं घर बुडते, अन् माझ्या हाताचं रक्त भातात पडते त्यानं घर तरते का?"

बटण तिनंच दाबलं.

मी त्या दिवशी जीव तोडून चाललो. तुमच्यासाठी नाही हो, गैरसमज नको. वरणाची कढी करणारा म्हणून मला मरायचं नव्हतं. दार उघडलं तेव्हा काशाच्या ताटांत पडवीचं छप्पर दिसत होतं. दुलारी पुढे आली. तिनं ताटावरून बोट फिरवलं आणि एकेक ताट बाहेर काढून उताणं मांडून ठेवलं. सगळी मांडून झाल्यावर म्हणाली, "दारासमोर गोणपाटाचा पडदा लाव. कोंबड्या जातेत आत." एवढीच शाबासकी. भावकी पांगली.

योगेश्वरीच्या तळव्यांवर हळूहळू नवी कातडी आली. अडीच वर्षं मी काम केलं. विजेच्या दाबाला लाज नव्हती आणि पाण्याला क्षार होते, तरी केलं. मग एका उन्हाळ्यात वीज अचानक वाढली आणि माझी मोटार जळाली. धनेंद्रनं मला खोलून पाहिलं आणि वास घेतला. हा भाग इकडे मिळणं नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

आता मला कबाड्याकडे नेणार, असं मी धरून चाललो होतो. पण त्यानं कपाटावरचा तो खडखडणारा टेबलफॅन काढला, माझ्या पोटात ठेवला, वायर बाहेर घेतली आणि दार लावलं. पडदा ओढला. पंख्याचं बटण दाबलं. माझ्या पोटातून अशी खडखड निघाली की जिवंतपणीही निघाली नसेल. आणि पडद्यामागे, माझ्या आडोशाला उकिडवा बसून, नारळाची शेंडी आणि राख घेऊन धनेंद्र भांडी घासायला लागला.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. काय घासतो म्हणता! काठाला भात राहतो. गंजाचं बूड काळंच. माझ्या नावावर असलं काम खपतं याची मला शरम वाटते. दुलारी बाहेरून म्हणते, "मशीन आता बुढी झाली, पयल्यासारखी धुत नाई." आणि हा आतून "होय माय" म्हणतो. योगेश्वरीनं एकदा जेवताना त्याच्या नखांतली राख पाहिली. दुसऱ्या दिवसापासून राख चाळून, डब्यात भरून माझ्या डोक्यावर ठेवलेली असते.

गेल्या दिवाळीनंतर केवळराम आला. त्याच्या बायकोची, रुख्माची, कंबर धरली होती आणि अशीच मशीन आणा म्हणून तिनं घरी धोशा लावला होता.

"दाखव न गा कशी चालते ते," तो म्हणाला.

धनेंद्र पडद्यापुढे जाऊन उभा राहिला. योगेश्वरी चुलीशी होती. ती म्हणाली, "न्या जी त्याइले आत. समजू द्या."

धनेंद्रनं त्याला पडद्यामागे आणलं आणि माझं दार उघडलं. केवळरामनं आत पंखा पाहिला. मग राख पाहिली, शेंडी पाहिली, शेजारी रचलेली खरकटी ताटं पाहिली. हसायला त्याचं तोंड उघडलं. आता बांगड्यांची भाषा निघणार, असं मला वाटलं. तेवढ्यात धनेंद्रनं दार लावलं आणि पंखा सुरू केला.

खडखड थांबली तेव्हा केवळराम बाहेर पडला. त्याच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. दुलारीनं विचारलं, "पाह्यली का मशीन?"

"पाह्यली काकी. लय भारी मशीन हाये."

पुढच्या आठवड्यात धनेंद्र खुशालचा निरोप घेऊन आला. केवळराम त्याच्या वाड्यात जाऊन अशीच मशीन मागून आला होता. खुशालनं विचारलं, चालू हवी का? तर म्हणे, "बंद असली तरी चालंल. दार फक्त नीट लागलं पाह्यजे."

असे तुम्ही. बायकोचा हात वाचवायचा, तर त्यासाठीही परदेशी पोलादाचा आडोसा लागतो. मी जर्मनीत घडलो तो तुमच्या मिशीवर पडदा धरायला!

तरी एक सांगून ठेवतो. बोरटोल्याला आलात आणि पडवीतून खडखड ऐकू आली, तर पडदा सारू नका आणि माझं दार उघडू नका. ओसरीत बसा, चहा घ्या. वाटीच्या काठाला भाताचं शीत दिसलं तर गुपचूप नखानं काढून टाका. दोष मलाच द्या. म्हणा, मशीन बुढी झाली.